विद्यार्थ्याचे मत आणि बंद दारे

अठरा वर्षे पूर्ण केलेला महाराष्ट्रातील विद्यार्थी देशाची सत्ता कोणाच्या हाती द्यावी हे ठरविण्यास पात्र असतो, राज्याचे सरकार निवडण्यासही पात्र असतो; परंतु ज्या वर्गात तो रोज बसतो, त्या वर्गाचा प्रतिनिधी मतदानाने निवडण्याची संधी गेल्या तीन दशकांत त्याच्या वाट्याला आलेली नाही. लोकसभेसाठी जो प्रगल्भ, तोच महाविद्यालयाच्या आवारात अपरिपक्व! ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की ती विसंगती आहे, हेही आता कोणाला जाणवेनासे झाले आहे. निवडणुका जवळ आल्या की सर्वच पक्षांचे नेते 'युवाशक्ती'चे गोडवे गातात, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे महाविद्यालयांच्या आवारात शिरतात, विद्यार्थ्यांना राज्याच्या राजकारणाविषयी मत विचारले जाते. आणि कार्यक्रमाची वेळ भरली की ते मत तिथेच विरून जाते. विद्यार्थ्याच्या मताचे पुढे काय करायचे, याचा विचार मात्र कोणी गांभीर्याने करीत नाही.

मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. आणि त्याच वर्षी मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. योगायोग असा की, देशाने विद्यार्थ्यावर विश्वास टाकला त्याच वर्षी महाविद्यालयीन निवडणुकांवरील समाजाचा विश्वास उडाला. तो उगीच उडाला असे म्हणता येणार नाही. त्या काळी विद्यापीठ पातळीवरील मतदारांना पळवून नेऊन कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गेली होती, पैसा आणि मनगटशक्ती यांचा उघड वापर होत होता, आणि पांढरपेशा घरांतील आईवडील निवडणुकीच्या दिवशी मुलांना, विशेषतः मुलींना, घरीच ठेवून घेत होते. १९९३-९४ च्या सुमारास थेट निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने त्यांच्या जागी गुणानुक्रमे नियुक्तीची पद्धत आणली. प्रत्येक वर्गातून परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी. त्याच्या जोडीला राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा व सांस्कृतिक विभाग यांतून प्राचार्यांनी घेतलेले एकेक जण आणि दोन विद्यार्थिनी. मग या मंडळींनी आपल्यातून सचिव निवडायचा.

आवारात शांतता नांदू लागली, यात शंका नाही. पण आग लागते म्हणून घरात चूलच पेटवायची नाही, असा हा उपाय होता. परीक्षेत पहिला येणे हा मोठाच गुण आहे, मात्र तो दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा गुण नव्हे. असा प्रतिनिधी स्वतः कोणाकडे मत मागायला गेलेला नसतो आणि वर्गाने त्याला काही सांगून पाठविलेले नसते. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असावे, शुल्कातील कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम घेतली जाते आणि तिचा विनियोग काय होतो, असे प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत अशी सक्ती त्याच्यावर कोणाची असणार? त्याचे उत्तरदायित्व प्राचार्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तीस वर्षांत किती पिढ्या या व्यवस्थेतून बाहेर पडल्या! आज जे प्राध्यापक आहेत, जे नगरसेवक आहेत, एवढेच कशाला, जे पालक आहेत, त्यांपैकी अनेकांनी आयुष्यात एकदाही महाविद्यालयीन मतपेटी पाहिलेली नाही.

'विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे' हे वाक्य आपल्याकडे सुभाषितासारखे उच्चारले जाते. त्याचे मूळ कुठे आहे, हे पाहिले पाहिजे. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी उतरू लागले, तेव्हा ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारने कार्लाईल परिपत्रक काढले. ज्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी राजकीय चळवळीत भाग घेतील, त्यांचे अनुदान आणि सवलती काढून घेण्याची धमकी त्यात होती. त्याच महिन्यात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि तीत पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकले. हा दंड करणारे इंग्रज नव्हते, स्वकीयच होते. प्राचार्य रँग्लर परांजपे विद्वान होते, शिस्तप्रिय होते. लोकमान्यांनी 'केसरी'तून त्यांच्यावर कठोर टीका केली. पुढे १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात वसतिगृहांमध्ये 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. औरंगाबादचे विद्यार्थी त्यात आघाडीवर होते. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना सामावून घेतले, म्हणून त्यांचे शिक्षण तरी पुरे झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. तात्पर्य, विद्यार्थ्याला मत असू नये ही इच्छा राज्यकर्त्यांची असते. समाजाने ती आपली मानण्याचे कारण नाही.

मात्र हा वारसा सांगताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. स्वातंत्र्यानंतरची विद्यार्थ्यांची मोठी आंदोलने बहुधा अगदी हाताशी असलेल्या प्रश्नातून सुरू झाली. गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनाची ठिणगी डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात, खाणावळीच्या वाढलेल्या बिलावरून पडली. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले. बिहारच्या विद्यार्थ्यांनी जयप्रकाशजींना नेतृत्वासाठी साकडे घातले, ते त्यानंतरचे. आपल्याकडे १९७४ मध्येच मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले, तेही विद्यार्थ्यांनी उभे केले. नोकऱ्यांमध्ये मराठवाड्याच्या मुलांना वाटा मिळावा, रुंदमापी रेल्वे यावी, प्रदेशाचे मागासलेपण दूर व्हावे अशा त्या मागण्या होत्या. त्यांत कोणाला मुख्यमंत्री करा, हे कुठेच नव्हते. पुढच्या दशकात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने प्रादेशिक विषमतेचा हिशेब मांडला, 'अनुशेष' हा शब्द राज्याच्या राजकारणात रूढ झाला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. हे सारे एका आंदोलनाचे फळ होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु प्रदेशावरील अन्यायाची भावना रस्त्यावर प्रथम ठामपणे मांडली ती विद्यार्थ्यांनी, हे नाकारता येणार नाही.

आजच्या विद्यार्थ्याचे काय? ज्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिले मतदान केले, त्याने एकाच विधानसभेच्या कालावधीत तीन मुख्यमंत्री पाहिले. पहाटेचा शपथविधी पाहिला, निवडणुकीतील प्रतिस्पर्धी सत्तेत भागीदार झालेले पाहिले, २०२२ मध्ये एक पक्ष आणि २०२३ मध्ये दुसरा पक्ष दुभंगलेला पाहिला, चिन्ह कोणाचे आणि पक्ष कोणाचा यावर न्यायालयात झालेला कीस पाहिला. या सर्वांवर त्याला मत आहे, आणि ते तो आवेशाने मांडतो. पक्षांतरबंदी कायद्याची कलमे सांगणारे विद्यार्थी आज तालुक्याच्या गावातही भेटतात. हे चांगलेच आहे. पण जरा कान देऊन ऐकले की लक्षात येते, या मतातील शब्द त्याचे नाहीत. ते प्रवक्त्यांचे आहेत. काल रात्री वाहिनीवर जो युक्तिवाद झाला, तोच आज बाकावर होतो. पक्ष बदलतो, पण युक्तिवादाची जात तीच. राज्याच्या राजकारणाविषयी मत बाळगण्यासाठी काही वाचावे लागत नाही, कोणाला भेटावे लागत नाही आणि ते चुकले तरी काही किंमत मोजावी लागत नाही. त्या मतावर त्याच्या गावातला एक दिवाही लागत नाही की विझत नाही.

याच विद्यार्थ्याला त्याच्या शहराविषयी विचारावे. उदाहरण छत्रपती संभाजीनगरचेच घेऊ. तेथील महानगरपालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. बारावी होऊन २०२० मध्ये जो विद्यार्थी पदवीच्या वर्गात आला, तो पदवी घेऊन, पदव्युत्तर शिक्षण पुरे करून बाहेर पडला, तरी त्याला या काळात आपल्या शहरात एकही नगरसेवक दिसला नाही! सर्वसाधारण सभा कशी चालते, अंदाजपत्रकावर चर्चा कशी होते, प्रश्नाला उत्तर देताना अधिकाऱ्याची कशी तारांबळ उडते, हे त्याने पाहिलेले नाही.

आणि याच वर्षांत त्या शहराचा सर्वांत मोठा प्रश्न, पाण्याचा, ऐरणीवर होता. जायकवाडीचे विस्तीर्ण जलाशय जवळ असूनही शहराच्या अनेक भागांत पाणी कित्येक दिवसांआड येते. सुमारे १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. खर्च वाढत वाढत २,७४० कोटींवर गेला. मोर्चे निघाले, सरकारे बदलली, श्रेयाचे फलक लागले, अखेर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला कामावर देखरेख करावी लागली. न्यायालयाने ते केले हे बरेच झाले. परंतु ज्या प्रश्नाची चर्चा निवडून आलेल्या सभागृहात महिन्याच्या महिन्याला व्हायला हवी होती, ती तारखांना होऊ लागली. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर बादली नेणाऱ्या विद्यार्थ्याला या योजनेतील जलवाहिनी, जलकुंभ, वाढलेला खर्च यांविषयी मत असणे अत्यंत स्वाभाविक होते. ते त्याने कोणापुढे मांडावयाचे होते? प्रशासक त्याला ओळखत नव्हता, आमदार मुंबईत होता आणि महाविद्यालयात त्याचा प्रतिनिधी नव्हता.

संभाजीनगर हे काही अपवाद नव्हे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयीन स्थगिती अशी कारणे होती आणि त्यांतली काही खरीही होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा कुठे चक्रे हलली. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आता सभागृहे आली आहेत. मुंबई वगळता बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे एकाच प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. खड्ड्याविषयी त्यांपैकी कोणाला विचारायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यालाच काय, त्याच्या आजोबांनाही पडतो.

ग्रामीण विद्यार्थ्याचा प्रश्न याहून साधा आणि याहून निकडीचा आहे. तो एसटीचा आहे. राज्य परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात दोनतृतीयांश सवलत देते, आणि ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. महाराष्ट्रात मुली शिकल्या, त्यात या लाल गाडीचा वाटा कोणत्याही परिसंवादापेक्षा मोठा आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात कर्मचाऱ्यांच्या संपामुळे ही गाडी जवळजवळ थांबली, तेव्हा टाळेबंदीनंतर नुकतीच उघडलेली शाळा-महाविद्यालये खेड्यांतील मुलांना पुन्हा बंद झाली. त्या दिवसांत वाहिन्यांवर चर्चा होती ती विलीनीकरण होणार की नाही आणि त्यातून सरकार अडचणीत येणार की नाही याची. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक पाच वाजता संपते आणि शेवटची गाडी साडेचारला सुटते, हे ज्ञान कोणत्याही मंत्रालयीन अधिकाऱ्यापाशी नसते. ते त्या विद्यार्थिनीपाशी असते. गावातली मुक्कामी गाडी बंद झाली की पहाटेचा वर्ग बुडतो, मग चार महिन्यांनी वडील म्हणतात 'पुरे झाले शिक्षण', आणि दोन वर्षांनी लग्नपत्रिका छापली जाते. सार्वजनिक धोरण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? गाडीची वेळ मुख्यमंत्री ठरवीत नाहीत. ती आगारात ठरते. पंधरा गावांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वेळा एका कागदावर मांडून, महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी ताडून, आगार व्यवस्थापकापुढे ठेवल्या तर त्या मताला वजन येते. कारण ते मत तपासता येते. जून २०२४ पासून महामंडळाने पास शाळा-महाविद्यालयांतच देण्याची सोय सुरू केली. इतकी साधी, इतकी शहाणपणाची गोष्ट सुचायला इतकी वर्षे का लागावीत, याचे उत्तर पासासाठी बसस्थानकावर ताटकळलेल्या मुलांना कोणी विचारलेच नव्हते, यात आहे.

विद्यार्थ्याला संघटित मत मांडता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. ११ मार्च २०२१ रोजी, राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना ती पुन्हा पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि पुण्यात नवी पेठेतील शास्त्री रस्ता विद्यार्थ्यांनी भरून गेला. सरकारला त्याच महिन्यात २१ तारखेला परीक्षा घ्यावी लागली. २०२३ मध्ये मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक आकृतिबंध लगेच लागू करू नये यासाठी, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी आलेल्या दोन परीक्षांच्या प्रश्नावर, पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तीच बैठक. तिन्ही वेळा विद्यार्थ्यांची मागणी नेमकी होती, तारखेनिशी होती, आणि तिन्ही वेळा सरकारला ती ऐकावी लागली. तेव्हा सत्तेत कोण होते, हे येथे गौण आहे. प्रत्येक वेळी विरोधी बाजूचे नेते मात्र न चुकता रस्त्यावर येऊन बसले. आता यातून विद्यार्थी काय शिकला? अर्ज केला तर उत्तर येत नाही, रस्ता अडविला तर मध्यरात्री मंत्र्यांचा दूरध्वनी येतो, हेच ना? उद्या हाच विद्यार्थी अधिकारी झाला तर तो नागरिकाच्या अर्जाकडे कसे पाहील, याची कल्पना करावी.

खरे म्हणजे मत मांडण्याची दारे कायद्याने केलेली आहेत. ग्रामसभेत अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदार बसू शकतो, बोलू शकतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन यांसारखे दिवस विद्यार्थ्यांच्या सुट्टीचेच असतात. शहरांसाठी २००९ मध्ये 'क्षेत्रसभे'ची तरतूद राज्याच्या कायद्यात झाली. ती कागदावरच राहिली. नगरसेवकांना ती नको होती आणि नागरिकांना ती ठाऊक नव्हती. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची प्रथा पाडली. पादपथ, बसथांबा, दिवे, स्वच्छतागृह अशी पाच लाख रुपयांपर्यंतची कामे कोणताही नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवू शकतो. पुण्यासारख्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या शहरात महाविद्यालयांच्या दारातले पादपथ, रात्री अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलींच्या वाटेवरचे दिवे, यांसाठी या अर्जांचा पाऊस पडायला हवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. राज्यशास्त्राच्या पदवीला ही कलमे पाठ करवून घेतली जातात. एखादा अर्ज प्रत्यक्ष लिहून तो कार्यालयात देऊन पोच घेऊन या, असे किती प्राध्यापक सांगतात?

येथे महाविद्यालयीन निवडणुकीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. आपल्यासारख्याच शंभर जणांचे म्हणणे ऐकून, त्यातले शक्य काय आणि अशक्य काय हे पारखून, ते अधिकारपदावरील माणसापुढे मांडायचे आणि परत येऊन शंभर जणांना उत्तर द्यायचे, हे शिकण्याची सर्वांत स्वाभाविक जागा ती आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही निवडणूक पुन्हा आणली. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गातील प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी थेट निवडावेत अशी तरतूद झाली. कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. २०१९ मध्ये वेळापत्रक लागले, आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकलले गेले. नंतर कोरोना आला आणि गेला, सरकारे आली आणि गेली. २०२५ संपेपर्यंत निवडणूक झाली नव्हती. हा कायदा समविचारी सरकारने केला होता. म्हणूनच त्याच्या अंमलबजावणीविषयी प्रश्न विचारण्याचे कर्तव्य समविचारी मंडळींवर अधिक येते. विद्यार्थी हा उद्याचा नव्हे, आजचा नागरिक आहे, ही भूमिका विद्यार्थी परिषदेने मांडून काही दशके उलटली. ती भूमिका सत्तेच्या सोयीने मागे ठेवण्याची वस्तू नव्हे.

हिंसाचाराची भीती खोटी नाही. तिचे उत्तर लिंगडोह समितीने २००६ मध्येच देऊन ठेवले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तिच्या शिफारशी लागू केल्या आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, छापील फलकांना बंदी, ७५ टक्के उपस्थिती, अनुत्तीर्ण विषय नसणे, पदवीसाठी वयाची मर्यादा, बाहेरच्या पैशाला मज्जाव, आणि सारी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण. या मर्यादा मोडल्या जातात, हेही खरे. दिल्ली विद्यापीठात सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाल्यावर, भिंती विद्रूप केल्याबद्दल उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखून धरली. भिंती साफ झाल्यावर नोव्हेंबरअखेर निकाल लागले. सर्वच विद्यार्थी संघटनांनी यातून बोध घ्यावा असे हे प्रकरण आहे. परंतु न्यायालयाने निवडणूक रद्द केली नाही, भिंती पुसायला लावल्या, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. महाराष्ट्राने तीस वर्षांपूर्वी भिंतीच पाडून टाकल्या होत्या.

संघटनांकडेही बोट दाखविले पाहिजे. पक्षाच्या सभेला गर्दी, नेत्याच्या वाढदिवसाला फलक आणि आंदोलनाला घोषणा यांपुरता विद्यार्थी वापरायचा, ही सवय जवळपास सर्वत्र लागली आहे. ज्या कार्यकर्त्याला मुंबईतील सत्तांतराची इत्थंभूत बातमी असते, त्याला आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाची क्षमता किती आणि अर्ज किती आले, हे सांगता येत नसेल, तर तो विद्यार्थ्यांचा नव्हे, पक्षाचा कार्यकर्ता आहे. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचेच पाहा. बारावी उत्तीर्णास सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन, कालावधी सहा महिन्यांचा. पुढे तो पाच महिन्यांनी वाढविण्यात आला. योजनेचे स्वागत झाले, टीकाही झाली. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनेही झाली. पण या तरुणांनी त्या महिन्यांत कार्यालयांत नेमके काय काम केले, त्यातून कोणते कौशल्य हाती लागले, याची तालुकावार पाहणी एखाद्या विद्यार्थी संघटनेने केली असती, तर ते मत मंत्र्यालाही टाळता आले नसते.

राहता राहिला पालक. 'राजकारण नको, अभ्यास कर' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांतून आजही ऐकू येते, आणि त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण हाच मुलगा गणेशोत्सवात मंडळाचा खजिनदार होतो तेव्हा घरी कौतुक असते. वर्गणीच्या पावत्या, मंडपाचा परवाना, पोलिसांची परवानगी, वीजजोडणी, विसर्जन मिरवणुकीतील क्रम, शेजारच्या मंडळाशी झालेला वाद आणि त्यातून काढलेली तडजोड, शेवटी जमाखर्चाचा कागद फलकावर लावणे. वीस वर्षांचा मुलगा हे सारे दहा दिवसांत करतो, लाखभर रुपयांचा व्यवहार सांभाळतो, आणि त्यामुळे तो बिघडला असे कोणी म्हणत नाही. लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यामागे समाजाने एकत्र येऊन कारभार करावा ही दृष्टी होतीच. मंडळात चालते ते महाविद्यालयात का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर ना पालकांपाशी आहे, ना शासनापाशी.

लिंगडोह समितीच्या शिफारशींप्रमाणे ही निवडणूक शैक्षणिक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत घ्यावयाची आहे. महाविद्यालये जून-जुलैमध्ये उघडतात. म्हणजे मतदान साधारण ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी येते, आणि त्या वेळी ना लोकसभेची आचारसंहिता असते, ना परीक्षांचा हंगाम. प्रत्येक विद्यापीठ वर्षारंभी वेळापत्रक प्रसिद्ध करते. त्यात प्रवेशाची अंतिम मुदत असते, युवा महोत्सव असतो, सत्र परीक्षा असते, दिवाळीची सुट्टी असते. मतदानाच्या तारखेची ओळ तेवढी त्यात नसते. ती घालण्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळे अनुदान लागत नाही. शासनाने विद्यापीठांना कळवावयाचे आणि कुलगुरूंनी ती ओळ छापून घ्यावयाची, एवढेच काम आहे.